अर्ध्या तासाची उधारी

सांगलीच्या गणपती पेठेत आमचे किराणा-भुसार मालाचे दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा दुकानातील साखर, डाळी आणि गव्हाची पोती भिजून गेली. त्यातून सावरतो न सावरतो तोच टाळेबंदी आली आणि २०२१ च्या जुलैत नदीने पुन्हा शहराचे रस्ते गाठले. त्या खेपेस माल आधीच माळ्यावर चढवला होता, म्हणून तो वाचला. पण बाजार कित्येक दिवस थंड राहिला. व्यापारात असे दिवस येतात, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र घरात ठरावीक तारखेला येणारी एखादी रक्कम असावी, असे त्या वर्षी प्रथमच वाटू लागले. लग्नापूर्वी मी वाणिज्य शाखेची पदवी घेतली होती, टॅलीवर हिशेब लिहिता येत होते. एका करसल्लागाराच्या कार्यालयात अर्धवेळ जागा असल्याचे कळले, तेव्हा सर्वांत आधी सासूबाईंनीच "जाऊन तर बघ" म्हटले.

वेळ सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन, पगार महिना साडेसात हजार रुपये. पगारापेक्षा मला वेळ मोलाची वाटली. लेक तेव्हा पहिलीत होती. तिची शाळेची रिक्षा सव्वाचार वाजता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबत असे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना जिना उतरून, वाहनांच्या वर्दळीतून रस्ता ओलांडून तिला आणणे जमत नाही. साडेतीनला निघाले की मी चारपर्यंत पोहोचत असे. लेकीला घेऊन वर जायचे, तिला खायला द्यायचे आणि मग स्वयंपाकाला लागायचे. कारण सासूबाईंचा सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम आहे. आमच्या घराची संध्याकाळ या साडेतीनच्या खुंटीला अडकवलेली होती.

पहिले काही महिने ती खुंटी घट्ट होती. मग ती हलू लागली. ती कशी हलली हे सांगणे अवघड आहे, कारण कोणीही माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. निघण्याच्या वेळी, पर्स खांद्याला लावताना, आतल्या खोलीतून सरांचा शब्द येई, "ताई, फक्त अर्धा तास. एवढी एक फाइल झाली की जा." सर स्वभावाने सज्जन. स्वतः रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसत. त्यांना नाही म्हणायला जीभ उचलत नसे. अर्ध्या तासाचा तास होई, तासाचे दोन होत. उशीर झाला की सर आम्हा सर्वांसाठी चहा आणि भडंग मागवीत. आम्ही भडंग खात खात बिले नोंदवीत असू आणि त्या चहाबरोबरच वाढीव वेळेचा हिशेबही पिऊन टाकीत असू.

ज्यांच्या घरी व्यापार आहे त्यांना वस्तू व सेवा कराच्या तारखा सांगायला नकोत. विक्रीचे विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, महिन्याच्या अकरा तारखेपर्यंत. भरणा आणि ३-बी वीस तारखेपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. या तारखांच्या आदल्या दोन दिवसांत कार्यालयात पिशव्या येऊ लागतात. कुणी कापडी पिशवीत, कुणी मिठाईच्या खोक्यात, कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून महिन्याभराची बिले आणून देतो. ती लावायची, नोंदवायची, खरेदीचा कर जुळवायचा, आणि हे सगळे झाले की ज्या संकेतस्थळावर विवरणपत्र भरायचे ते शेवटच्या दिवशी गोगलगायीच्या गतीने चालते.

माझ्या लेकीला या तारखांचा अर्थ कळत नव्हता. पण तारखा पाठ झाल्या होत्या.

ती दुसरीत गेली त्या वर्षीच्या जुलैमधली वीस तारीख मी विसरू शकत नाही. सासूबाईंना डोळे दाखवायला मिरजेला न्यायचे होते. यजमान त्यांना घेऊन गेले होते आणि दुकान दिवाणजींवर सोपवले होते. म्हणजे त्या दिवशी घराला कुलूप होते आणि किल्ली माझ्यापाशी होती. मी सकाळीच सरांना सांगून ठेवले होते, की आज मला साडेतीनला निघावेच लागेल. त्यांनी मान डोलावली होती. पण सव्वातीन वाजता एका व्यापाऱ्याच्या विवरणपत्रात दोन बिलांचा फरक निघाला. तो मीच नोंदवलेला हिशेब होता. फरक मिळाला, तर त्या व्यापाऱ्याच्या मोबाइलवर जाणारा ओटीपी मिळेना. ते गृहस्थ कुठल्याशा लग्नाला गेले होते, फोन उचलत नव्हते. एकदा उचलला तोवर आलेला ओटीपी बाद झाला होता. पुन्हा मागवला. बाहेर पावसाने फळी धरली होती. माझा फोन पर्समध्ये होता, आवाज बंद करून ठेवलेला. कार्यालयाची तशी शिस्त होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी फोन पाहिला. रिक्षावाल्या काकांचे तीन फोन येऊन गेले होते.

मी कशी पोहोचले ते आठवत नाही. लेक आमच्या इमारतीच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. रिक्षावाल्या काकांनी तिला रस्ता ओलांडून दिला होता, वर कुणीतरी असेल असे त्यांना वाटले होते. तिने वर जाऊन कुलूप पाहिले, खाली आली आणि बसून राहिली. समोर इस्त्रीचे दुकान चालवणाऱ्या काकूंनी तिला आत बोलावले होते. पण "आई आली की मी दिसले पाहिजे" म्हणून ती गेली नव्हती. तिचे मोजे ओले होते. ती रडली नाही. मला पाहून उठली आणि तिने विचारले, "आई, आज वीस तारीख होती का? मी विसरलेच."

जणू चूक तिची होती.

त्या रात्री यजमान म्हणाले, "सोडून दे नोकरी. आपले काही अडलेले नाही." त्यांच्या बोलण्यात काळजी होती; पण अडलेले नाही हे खरे नव्हते. साडेसात हजारांत लेकीची फी, रिक्षा आणि सासूबाईंची औषधे निघत होती. शिवाय ते काम मला आवडत होते. हिशेबाचे दोन्ही बाजूंचे आकडे जुळले की होणारा आनंद मी पुष्कळ वर्षांनी पुन्हा अनुभवत होते. नोकरी सोडणे हा एक मार्ग होता आणि निमूटपणे थांबत राहणे हा दुसरा. दोन्ही मार्गांत बोलणे कुठेच नव्हते.

सासूबाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, "तू त्यांना किती वेळ जास्त दिलास, ते तुला तरी ठाऊक आहे का?" मी म्हटले, "खूप दिला." त्या म्हणाल्या, "खूप म्हणजे किती? दुकानात कुणी 'खूप उधारी आहे' असे सांगितले, तर तुझे सासरे वही दाखव म्हणत."

माझ्यापाशी वही नव्हती. रोज इतरांच्या पै-पैचे हिशेब लिहिणारी मी स्वतःच्या वेळेची एकही नोंद ठेवत नव्हते.

एक ऑगस्टपासून मी एक छोटी डायरी पर्समध्ये ठेवली. तारीख, निघण्याची वेळ, किती मिनिटे जास्त, कोणत्या कामासाठी, आणि मला ते किती वाजता सांगितले गेले. एवढेच रकाने. भावना लिहायच्या नाहीत असे ठरवले होते. ऑक्टोबर संपला तेव्हा बेरीज केली. तीन महिन्यांत साडेअडतीस तास. माझा पगार दिवसाला पाच तास आणि महिन्याला पंचवीस दिवस धरून तासाला ६० रुपये पडत होता. म्हणजे २,३१० रुपयांचे काम मी भडंगावर केले होते.

पण मला धक्का बसला तो या आकड्याने नव्हे. साडेअडतीसपैकी २९ तास महिन्याच्या नऊ, दहा, अकरा आणि अठरा, एकोणीस, वीस याच तारखांना पडले होते. साडेसहा तास सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यातले होते, कारण ३० सप्टेंबर ही कर लेखापरीक्षणाच्या अहवालाची मुदत. खऱ्या अर्थाने अनपेक्षित म्हणता येतील असे तास अवघे तीन निघाले. इतके दिवस मी ज्याला अचानक आलेले काम म्हणत होते, ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिलेले होते. ते मला साडेतीनला सांगितले जात असे, म्हणून ते अचानक वाटत होते. सरांनाही ते तसेच वाटत असावे. माझ्या सात वर्षांच्या लेकीला मात्र ते आधीच कळलेले होते.

दिवाळीच्या आधीचा एक शांत दिवस पाहून मी सरांकडे गेले. वीस तारखेला हा विषय काढायचा नाही, एवढे मला समजले होते; गर्दीत केलेली मागणी अडवणुकीसारखी ऐकू येते. मी डायरी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दोन पाने उलटली आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "ताई, एवढे मिनिट-मिनिट मोजत होतात? आपण घरच्यासारखे आहोत." मला वाईट वाटले. क्षणभर वाटले, डायरी उचलावी आणि राहू द्या म्हणावे. मग मी म्हटले, "सर, घरच्यासारखे आहोत म्हणूनच घरातले सांगते," आणि त्यांना जुलैच्या वीस तारखेची गोष्ट सांगितली. त्यांना ती ठाऊक नव्हती. मी त्यांना कधी सांगितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे साडेदहाला हजर झाले होते. मग त्यांना कळणार कसे?

ते बराच वेळ गप्प होते. नंतर त्यांनी स्वतःच कागद ओढला. आम्ही जे ठरवले ते असे: दहा, अकरा, एकोणीस आणि वीस या चार दिवशी मी साडेबाराला यावे आणि साडेसहापर्यंत थांबावे. त्या दिवशी लेकीला आणायला यजमान दुकानातून जातील, हे मी घरी विचारून आले होते. इतर दिवशी साडेतीन म्हणजे साडेतीन. त्याहून जास्त थांबायची वेळ आली, तर दुपारी बारापूर्वी सांगावे. बारानंतर सांगितले तर मी नाही म्हणू शकेन आणि कारण द्यावे लागणार नाही. जास्तीचे तास लिहायचे आणि एकवीस ते अठ्ठावीस या सैल दिवसांत ते तेवढ्याच सुट्टीने फेडायचे. उरले तर पगारात धरायचे. घरचा फोन वाजला तर उचलायचा.

हे सारे सुरळीत झाले असे सांगितले तर ते खोटे ठरेल. पहिल्याच महिन्यात एका मंगळवारी साडेतीनला "फक्त अर्धा तास" आलाच. जुन्या सवयीने मी पर्स खाली ठेवली. मग पुन्हा उचलली आणि म्हटले, "सर, आज जमणार नाही. हे उद्या सकाळी आल्याबरोबर पहिले करते." माझे पाय थरथरत होते. जिना उतरेपर्यंत मागून हाक येईल असे वाटत होते. हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी ते काम वीस मिनिटांत झाले आणि कुणाचे काही बिघडले नाही. इतके दिवस मी ज्या हाकेला भीत होते, त्यातली निम्मी भीती माझीच होती.

मात्र बिघडले ते वेगळ्याच ठिकाणी. आमच्याकडे एक मुलगी पूर्णवेळ काम करते; तासगाव रस्त्यावरच्या एका गावाहून एसटीने येते. डिसेंबरमध्ये एकदा आम्ही दोघी डबा खात असताना ती खाली मान घालून म्हणाली, "ताई, तुम्हाला मूल आहे म्हणून तुम्ही जाता. मला नाही म्हणून मी राहते. तुमचे काम मग माझ्याकडे येते. माझी सहाची गाडी चुकली की पुढच्या गाडीने घरी पोहोचायला अंधार होतो. आई फाट्यावर बॅटरी घेऊन उभी राहते."

माझा घास हातातच राहिला. मी माझा अर्धा तास सोडवून आणला होता, आणि तो नाहीसा झालेला नव्हता; तो शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला होता. आईपण हे मोठे कारण आहे यात शंका नाही. पण ज्याच्या घरी मूल नाही त्याच्या घरी कोणी वाट पाहत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. आम्ही दोघी मिळून पुन्हा सरांकडे गेलो. मग तिचीही वही सुरू झाली आणि पाळ्या ठरल्या. कोणाचे कारण मोठे हे तोलायचे नाही, कोणाचे तास किती झाले तेवढे पाहायचे, असा नियम झाला. सरांनी आणखी एक गोष्ट केली. सर्व व्यापाऱ्यांना त्यांनी कळवले, की बिले पाच तारखेपर्यंत आली तर ठीक. त्यानंतर आलेल्या पिशवीला जादा शुल्क लागेल. काही जण रुसले. पिशव्या मात्र लवकर येऊ लागल्या.

इथे मला आमच्याच घराची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या दुकानाचे कराचे काम दुसऱ्या एका सल्लागाराकडे आहे. त्यांच्या कार्यालयातून दर महिन्याच्या नऊ तारखेला एका बाईंचा फोन येतो, "भाऊ, तेवढी बिले पाठवता का?" यजमान "आज पाठवतो" म्हणतात आणि दहाच्या संध्याकाळी दिवाणजी पिशवी घेऊन जातात. कित्येक वर्षे हे असेच चालले होते. त्या बाईंना मी कधी पाहिलेले नाही. त्यांना मुले आहेत का, त्या कुठून येतात, ठाऊक नाही. पण दहा तारखेच्या संध्याकाळी त्या कुठे असतात, हे आता मला पक्के ठाऊक होते.

आणि तरीही सवय कशी असते पाहा. पुढच्या एप्रिलमध्ये, वर्षाचे धान्य आणि मसाले भरण्याच्या हंगामात, एका रविवारी मी मदतीला दुकानात गेले होते. लेकीला सुट्टी होती, तीही बरोबर होती. आमच्याकडे धान्य निवडायला आणि पुड्या बांधायला एक मावशी येतात, अकरा ते पाच. त्या दिवशी मिरची-धण्यांच्या पुड्यांचा ढीग पडला होता. पाच वाजले. मावशी पदर झटकून उठल्या. मी मान वर न करता म्हटले, "मावशी, आज फक्त अर्धा तास थांबता का?"

"थांबते की वहिनी," मावशी म्हणाल्या.

तो सूर मी ओळखला. साडेतीन वाजता पर्स खाली ठेवताना माझा जो सूर असे, तोच तो. मावशी जरा बाजूला गेल्या, कनवटीचा छोटा फोन काढला आणि हळू आवाजात कुणा शेजारणीला म्हणाल्या, "पोरीला आत घे गं जरा, मला उशीर हाय." त्यांची मुलगी साखर कारखान्याच्या भागात मजुरीला जाते आणि नात त्यांच्याजवळ असते, हे मला माहीत होते. माहीत असूनही मी विचारले होते. त्या दिवशी मावशींना जायला सव्वासात झाले. निघताना मी त्यांच्या हातावर किलोभर पोहे ठेवले आणि तेव्हाच मला सरांचे भडंग आठवले.

आपल्या व्यापारी घरांत हिशेबाची एक शिस्त आहे, तिचा मला अभिमान वाटतो. मापात चोरी नको, उधारी बुडवायची नाही, कुणाचा रुपया आपल्याकडे राहिला असेल तर तो त्याच्या नावे जमा दाखवायचा. पण हाताखालच्या माणसाचा वेळ आपण कोणत्या खात्यात लिहितो? बहुतेक ठिकाणी तो लिहिलाच जात नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम करून घेतले, तर दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. पण ती तरतूद ठरावीक संख्येइतके किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणांनाच लागू आहे. पेठेतल्या आपल्या बहुतेक दुकानांत दोन-चार माणसे असतात. तिथे विचारायला कुणी येणार नाही. आपणच आपल्याला विचारायचे आहे.

त्या रात्री मी यजमानांशी बोलले. ते म्हणाले, "मावशींनी कधी तक्रार केली का?" मी म्हटले, "मीही दोन वर्षे केली नव्हती." ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात खिळ्याला एक वही टांगली गेली. मावशींना अक्षरओळख बेताची आहे, म्हणून दिवाणजी लिहितात आणि त्यांना वाचून दाखवतात. हंगामातल्या कोणत्या दिवशी थांबावे लागेल, ते आदल्या दिवशी सांगायचे. जास्तीच्या तासाला दीडपट पैसे, त्याच दिवशी हातात. पोहे द्यायचे असतील तर खुशाल द्यावेत, पण पैशांच्या ऐवजी नव्हे. सुरुवातीला मावशींना हे अवघड वाटले. "वहिनी, एवढ्या-तेवढ्याचे काय लिहायचे?" म्हणाल्या. महिनाअखेरीस दिवाणजींनी वाचून दाखवले तेव्हा मात्र त्यांनी बेरीज दोनदा वाचायला लावली.

माझ्यासारख्या ज्या आया अर्धवेळ काम करतात, त्यांना मी अनुभवाने चार गोष्टी सांगू शकते. पहिली, निदान दोन महिने वेळ लिहून ठेवा. तोवर कुणाशी बोलू नका आणि कुणावर रागावू नका. दुसरी, थांबण्याबद्दल विचारले की नुसते हो किंवा नाही न म्हणता "साडेचारपर्यंत थांबू शकते, त्यापुढे नाही" असे घड्याळातले उत्तर द्या. तिसरी, मुलाला घ्यायला जाणारे दुसरे माणूस आणि तिसरे माणूस आधीच ठरवून ठेवा, आणि शाळेच्या रिक्षावाल्यांकडे कार्यालयाचाही क्रमांक द्या. आमच्या इस्त्रीवाल्या काकूंकडे आता घराची एक किल्ली असते. चौथी, आपण सुटलो की ते काम कुणाकडे गेले, तिकडे एकदा मागे वळून पाहा.

आणि ज्यांच्या दुकानात किंवा कार्यालयात माणसे कामाला आहेत, त्यांना एवढीच विनंती, की बंद व्हायच्या वेळी "जरा थांबा" म्हणण्यापूर्वी सकाळी दिनदर्शिका पाहावी. खरोखरीचे अचानक काम फार थोडे असते, आणि तेवढ्यासाठी माणसे आनंदाने थांबतात. गेल्या पावसाळ्यात एका व्यापाऱ्याच्या घरी अकस्मात निधन झाले आणि त्यांचे कागद अपुरे राहिले होते, तेव्हा आम्ही दोघीही रात्री आठपर्यंत बसलो. सरांनी आम्हाला विचारलेही नव्हते.

आमचे सारे सुधारले असे मी म्हणणार नाही. मागच्या महिन्यात दुकानाची बिले पाचऐवजी आठ तारखेला गेली. त्या दुसऱ्या कार्यालयातील बाईंना यजमानांनी स्वतः फोन करून उशीर झाल्याचे सांगितले, इतकाच फरक. लेक आता मोठ्या वर्गात गेली आहे. वीस तारखेला तिला घ्यायला तिचे बाबा जातात, आणि दोघे रस्त्याच्या कोपऱ्यावर उसाचा रस पितात हे मला बऱ्याच उशिरा कळले. परवा मी दिनदर्शिकेवर पुढच्या महिन्याच्या माझ्या चार तारखांना खुणा करत होते. ती जवळ आली, पेन घेतले आणि माझ्या विसाव्या तारखेच्या चौकोनात तिने आपल्या अक्षरात लिहिले, "बाबा येणार."

डायरी अजूनही पर्समध्ये आहे. आज तिच्यात माझ्या नावे दीड तास जमा आहे. येत्या शुक्रवारी तो फिटेल; त्या दिवशी मी दोन वाजता निघणार आहे, हे सरांना सांगून झाले आहे.